गोधडी कुणाची?

ॲलिस वॉकरची १९७३ सालची 'एव्हरीडे यूज' ही कथा मी पहिल्यांदा वाचली ती एम.ए.ला, परीक्षेपुरती. डी नावाची शिकलेली मुलगी गावी येते आणि आजीच्या हातच्या गोधड्या मागते, भिंतीवर लावायला. त्या धाकट्या मॅगीला लग्नात द्यायच्या ठरलेल्या. मॅगी रोज वापरून त्यांच्या चिंध्या करील, अशी डीची तक्रार. शेवटी आई त्या हिसकावून मॅगीच्या मांडीवर टाकते. डी आपमतलबी, मॅगी गुणाची, असं गाइडात छापलं होतं. तेच लिहिलं आणि पास झाले.

पुढे महाडला शिकवायला लागले. वर्गात पोलादपूरकडून एसटीने येणारी मुलं बरीच. गोधडी म्हणजे आजीची लुगडी आणि आजोबांचं धोतर, धावदोऱ्याने जोडलेलं, हे त्यांना समजावावं लागत नाही. थोरली भावंडं मुंबईला, गणपतीत येणारी. त्यामुळे निकाल लगेच लागतो : जी आईपाशी राहिली, तिची गोधडी. डी लोणी काढायच्या डेऱ्याचं झाकणही टेबलावर मांडायला नेते, तिथे एक मुलगी म्हणाली, "आमच्या वहिनीने जातं नेलं. वर काच टाकून टीपॉय केलाय."

नावापाशी मात्र वर्ग फुटतो. डीने स्वतःचं नाव टाकून वांगेरो हे आफ्रिकी नाव घेतलंय. छळणाऱ्यांकडून आलेलं नाव तिला नको. आई म्हणते, अगं, हे तुझ्या मावशीचं, आजीचं नाव. गाइड इथे डीला हसतं. पण २० मार्च १९२७ला चवदार तळ्याचं पाणी आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन पाहिलेल्या गावात तसं हसता येत नाही. एक मुलगा उठून म्हणाला, "गावाने माझ्या पणजोबांना ठेवलेलं नाव आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. वांगेरोचं काय चुकलं?" मागून उत्तर आलं, "नाव बदल की, पण आईला आधी सांग!" यापेक्षा नेमकी समीक्षा मी तरी वाचलेली नाही.

जुलै २०२१च्या पुरात आमच्या वापरातल्या सगळ्या गोधड्या चिखलात गेल्या. माळ्यावर, प्लास्टिकमध्ये बांधून ठेवलेली सासूबाईंची एक तेवढी वाचली. तेव्हापासून डीची बाजू मीही जरा जोरात मांडते.

डीचं स्वभावचित्र लिहा, असा प्रश्न अजून घालते. कारण पटेल असं दिलं, तर दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण. गाइडातलं उतरवलं तर निम्मे.