लुबेकच्या वखारी आणि माझे उत्तर

जर्मनीतील लुबेक शहरी, ट्राव्ह नदीच्या काठी मिठाच्या सहा जुन्या विटकरी वखारी पाहत उभा असताना, मुलाच्या घरमालकीणबाईंनी मला सहज विचारले, "आपल्या गावी पाहण्यासारखे काय आहे?" आणि तीस वर्षे नंदुरबारच्या शाळेत इतिहास शिकविलेल्या मी उत्तर दिले, "विशेष काही नाही." त्या उत्तराचा सल अद्यापि गेलेला नाही.

लुबेकचे वैभव मी नाकारीत नाही. १४७८ साली पुरी झालेली होल्स्टेन वेस, दलदलीत खचून कललेले तिचे बुरूज, ल्युनेबुर्गचे मीठ याच काठावरून जहाजांत चढून उत्तरेकडे हेरिंग मासळी खारवण्यास कसे जाई, हे त्या बाई अशा थाटात सांगत होत्या, की जणू परवाचीच जकात त्यांनी स्वहस्ते वसूल केली असावी.

आणि आमचे गाव? चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादेहून खंबायतेकडे जाताना येथे आला व येथील मराठ्यांच्या कारागिरीची, वैद्यकाची आणि ज्योतिषाची नोंद करून गेला; अकबराच्या अमदानीत हे माळवा सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते; सुरत-बऱ्हाणपूर मार्गावरील नामांकित पेठ म्हणून सतराव्या शतकात इंग्रजांनीही येथे वखार घातली. हे सर्व मी फळ्यावर लिहीत आलो, परीक्षेत पाच गुणांना विचारीत आलो, आणि ऐन वेळी त्यातले एक अक्षर जिभेवर आले नाही. परतल्यावर ती वखार नेमकी कोठे होती हे विचारीत मी तीन दिवस हिंडलो. एकाने मशिदीमागची गल्ली दाखविली, दुसऱ्याने थेट रेल्वे स्टेशनाकडे बोट केले, जणू सुरतेचा माल तेव्हा आगगाडीने येत होता, तिसरा, माझाच जुना विद्यार्थी, म्हणाला, "गुरुजी, तुम्हलेच माहीत नही, ते आम्हले काय माहीत?" आणि त्याने चहा पाजला.

चौथ्या दिवशी वैतागून गावाबाहेरच्या पथारीवर गेलो. दृष्टी पोहोचेल तिथवर लाल मिरची उन्हात पसरलेली, तोंडाला फडकी बांधलेल्या बाया ओळीने बसून देठ खुडीत होत्या, आणि मला असा ठसका लागला की डोळ्यांतले पाणी खळेना. लुबेकच्या वखारींत आज तयार कपडे विकतात. आमची पेठ मात्र अजून चालू आहे, असे वाटून क्षणभर छाती फुगली. पण ही स्वतःची समजूत घालण्याची युक्ती होय. त्यांनी विटा जपल्या, आम्ही जागासुद्धा विसरलो, हे खरेच.

बाईंना पत्र धाडले आहे: डिसेंबरात या, येताना नाकाला बांधायला रुमाल आणा.