बावीस अंशांतला उंदीर

एका मे महिन्यात आमच्या अ‍ॅनिमल हाउसचा एसी बंद पडला आणि दुरुस्तीला चार दिवस लागले. एरवी २२ अंशांवर असणारी खोली ३० पर्यंत चढली. मी तेव्हा पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला होते. उकाड्याने उंदीर दगावतील या धास्तीने दिवसातून चार वेळा डोकावत होते. उंदरांना काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी पिंजरे बदलणारे मामा म्हणाले, “ताई, खुराक तसाच पडलाय बघा. खात नाहीत नीट.” मी उरलेल्या गोळ्या तोलल्या. खाणं खरंच बरंच कमी झालं होतं, पण उंदरांची वजनं घटली नव्हती.

त्यांना भूक नव्हती, कारण थंडी वाजत नव्हती. लठ्ठपणावर दोन वर्षं काम करूनही एवढी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

बशीत ओतलेला चहा कपातल्या चहापेक्षा लवकर निवतो. उंदराचं शरीर असं बशीतल्या चहासारखं आहे: वजन जेमतेम २५ ग्रॅम, त्या मानाने त्वचेचा पसारा मोठा. ऊब टिकवण्यासाठी वेगळं काही जाळावं लागू नये, असा त्याचा पट्टा साधारण २९ ते ३२ अंशांचा. प्रयोगशाळा मात्र २० ते २४ अंशांवर चालतात, कारण गाऊन, मास्क, हातमोजे घालून काम करणाऱ्या माणसाला ते सोसतं. २२ अंशांत एकट्या ठेवलेल्या उंदराची जवळजवळ निम्मी ऊर्जा नुसती ऊब राखण्यात जाते. त्याचं हृदय मिनिटाला पाचशेच्या वर ठोके देतं; ३० अंशांत नेलं की ठोके पुष्कळ उतरतात. ज्याला आपण ‘सामान्य’ उंदीर म्हणतो, तो आयुष्यभर थंडीशी झगडणारा प्राणी असतो.

हा झगडा चालतो मुख्यतः त्याच्या खांद्यांच्या फऱ्यांमधल्या तपकिरी मेदात. एरवी पेशी अन्नातली ऊर्जा एटीपीच्या रूपात बांधून ठेवते. तपकिरी मेदातलं यूसीपी-१ हे प्रथिन त्या व्यवस्थेला चोरवाट काढून देतं, आणि ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. हे प्रथिन काढून टाकलं तर उंदीर लठ्ठ होईल, असं कोणीही म्हटलं असतं. १९९७ मध्ये असे उंदीर तयार झाले. ते थंडीत काकडले, पण लठ्ठ झाले नाहीत. तपकिरी मेदाचा लठ्ठपणाशी संबंध नाही, असं त्यावरून बऱ्याच जणांना वाटू लागलं. बारा वर्षांनी, २००९ मध्ये, स्टॉकहोम विद्यापीठात बार्बरा कॅनन आणि यान नेडरगार्ड यांच्या गटाने तसेच उंदीर ३० अंशांच्या आसपास ठेवले. तिथे ते लठ्ठ झाले, अगदी साध्या खुराकावरसुद्धा. थंडीत ऊब राखण्यासाठी त्यांना दुसऱ्या, महागड्या मार्गांनी ऊर्जा जाळावी लागत होती आणि त्या खर्चाखाली लठ्ठपणा दडून राहिला होता. त्यांचा हा शोधनिबंध मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला मामांचं वाक्य आठवलं.

औषधांच्या बाबतीत ही फसगत जास्त गंभीर आहे. डायनायट्रोफेनॉल हे रसायन १९३०च्या दशकात अमेरिकेत वजन उतरवण्यासाठी विकलं जात होतं. ते पेशींतली ऊर्जा उष्णतेत उधळतं. माणसं ज्वराने दगावली, काहींना मोतीबिंदू झाले, आणि १९३८ मध्ये त्यावर बंदी आली. म्हणजे माणसात त्याचा परिणाम होतो याबद्दल शंका नाही. पण २२ अंशांतल्या उंदराला ते दिलं तर ऊर्जेचा एकूण खर्च वाढत नाही. औषधाने जेवढी ऊब दिली तेवढं काम तपकिरी मेद कमी करतो; हिशेब जागच्या जागी. ३० अंशांत मात्र खर्च वाढतो आणि चरबीच्या खुराकावरचा लठ्ठपणा रोखला जातो, हे २०१४ मध्ये दाखवलं गेलं. थंड खोलीत चाचणी घेऊन किती उपयोगी रेणू आपण टाकून दिले असतील, या विचाराने मी आजही अस्वस्थ होते.

तापमानासारखी फसगत खुराकातही होते. लठ्ठपणाच्या प्रयोगांत बहुधा सी५७ ब्लॅक सिक्स जातीचे काळे उंदीर वापरतात आणि त्यांना निळ्या रंगाच्या, तेलकट, पिठूळ गोळ्या देतात. त्यातल्या ६० टक्के कॅलरी चरबीच्या, बहुतांश डुकराच्या. तुलनेच्या गटाला पुष्कळदा नेहमीचा धान्याचा खुराक दिला जातो, आणि मला हे मुळीच पटत नाही. धान्याच्या खुराकात तंतू असतो, सोयाबीनमधले इस्ट्रोजेनसारखे घटक असतात. निळ्या गोळ्यांत केसिन आणि शुद्ध सेल्युलोज. विरघळणारा तंतू नसला तर उंदराचं आतडं आक्रसतं आणि मेद वाढतो, हेही आता माहीत आहे. मग फरक चरबीचा की तंतूचा? घटक जुळवलेला, १० टक्के चरबीचा खुराक घेतला तरी साखर बघावी लागते: जुन्या, खूप वापरल्या गेलेल्या एका मिश्रणात ३५ टक्के कॅलरी साखरेच्या होत्या, चरबीच्या खुराकात जेमतेम ७. शोधनिबंधात नुसतं ‘नियंत्रित आहार’ लिहिलेलं असेल तर मी लेखकांना पत्र पाठवून विचारते.

तापमानाकडे परत येते. किती अंश योग्य, यावर वाद आहे. जॉन स्पीकमन आणि याप काइयर यांनी २०१२ मध्ये मांडलं की माणूसही थोडा थंडीतच जगतो, म्हणून एकट्या उंदराला २३ ते २५ अंश पुरेत. स्टॉकहोमच्या मंडळींना ३० च्या जवळचंच तापमान माणसाशी जुळणारं वाटतं. मी स्टॉकहोमच्या बाजूची आहे. मुंबईत मे महिन्यात पंख्याखाली झोपणाऱ्या माणसाला ऊब राखण्यासाठी काहीही जाळावं लागत नाही. त्याच्यासाठीचं औषध कुडकुडणाऱ्या उंदरावर का तपासावं?

आमच्याकडे आता एक खोली ३० अंशांवर असते. काम वाढलं आहे. चरबीच्या गोळ्या तिथे मऊ पडतात, दर दोन दिवसांनी बदलाव्या लागतात, आणि गाऊनमध्ये घामाने जीव नको होतो. मामा निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या मुलाला मात्र हीच खोली आवडते. बावीस अंशांच्या खोलीत दुपारी उंदीर एकमेकांना चिकटून कागदाच्या कपट्यांच्या घरट्यात गोळा होऊन झोपतात. मोजायचे तर घरटं विस्कटावं लागतं. इथे ते पाय ताणून, एकमेकांपासून अंतर राखून झोपतात. तो दारातूनच मोजतो आणि वहीत आकडा लिहितो.