दवणा आणि पुनवेचा मेळ

बोरगावात आक्कांच्या परड्यात यंदा चार सऱ्या दवणा आहे. त्यातला एकही दाणा त्यांनी टाकलेला नाही. बी इतकं बारीक, की चिमटीत किती आलं ते आता त्यांच्या बोटांना कळत नाही. म्हणून भाऊबीज झाल्यावर नातीनं बारीक वाळूत बी मिसळून वाफ्यावर फेकलं आणि आक्का शेजारी बसून "पातळ टाक गं, पातळ" म्हणत राहिल्या.

आक्कांचा हात तयार झाला तो निपाणी भागातल्या तंबाखूत. धुळीसारखं बी, उन्हाला जपायचा तरवा, सगळं ओळखीचं. अडलं ते एकाच जागी. दवणा चालतो थंडीवर, आणि तो ज्याला वाहायचा त्या जोतिबाची चैत्र यात्रा चालते चंद्रावर.

2023 साली चैत्र पौर्णिमा 6 एप्रिलला आली. दवणा ऐन भरात होता, बारीक पिवळसर बोंडं उमललेली, आणि वास असा की जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीला पोचेपर्यंत पिशवी गाडीत घमघमत होती. त्याच वर्षी अधिक श्रावण पडला. पुढची चैत्र पौर्णिमा थेट 23 एप्रिल 2024. सतरा दिवसांचा फरक! दवण्याला पंचांग कुठलं? फुलं मार्चातच आली आणि एप्रिलच्या उन्हात करपली.

तेव्हापासून आक्कांच्या डोक्यात हेच. उशिरा लावून बघितला, तर ऊन वाढताच वीतभर रोपंच फुलावर आली. मग तंबाखूची सवय उफाळली आणि त्यांनी शेंडे खुडले. तंबाखूत शेंडा खुडला की पान भरतं. दवण्यात मात्र वासाचा जीव फुलोऱ्यात असतो; अत्तरासाठी तेल काढणारेही फुलावर आलेलं पीकच कापतात. खुडलेली रोपं झुपकेदार झाली, दिसायला देखणी, पण वासाला अर्धी. आता शेवटच्या दोन सऱ्यांवर त्या दुपारी जुनं लुगडं बांधतात. आठवडाभर थोपला तरी पुरे.

बाजारातल्या दवण्यावर त्यांचा राग आहे. कळी धरायच्या आत कापतात, पाणी मारून हिरवा ठेवतात, आणि लोक रंग बघून घेतात. चुरगळून कुणी बघत नाही.

नातीनं पुण्याहून टॅरॅगॉनच्या बियांचं पाकीट आणलं होतं. तोही दवण्याच्याच आर्टेमिसिया प्रजातीतला, फ्रेंच स्वयंपाकातला, बडीशेपेच्या वासाचा. पण खरा फ्रेंच टॅरॅगॉन उगवण्याजोगं बी धरतच नाही म्हटलं तरी चालेल. तो फांदी किंवा मुळाची फूट लावून वाढवतात. पाकिटातून उगवतो तो बहुधा रशियन, अगदी फिका. आक्कांनी पान चुरगळलं, हुंगलं आणि कुंडी भिंतीकडेला सरकवली.

तरवा टाकताना त्यांनी नातीला एक गोष्ट सांगितली. 2024 ला त्यांनी डोंगराच्या पायथ्याला जुडी विकत घेतली होती, तिचा सुतळीचा बंद सोडून घरचा लाल दोरा बांधला होता. रांगेत एका बाईनं विचारलं, तर "परड्यातला हाय" म्हणाल्या. देवाच्या दारात. दोरा बांधताना त्यांना दुःख होतं ते दवणा परड्यातला नव्हता याचं नाही, तो परड्यातला म्हणून कुणी विचारणार नाही याचं.

नात काही बोलली नाही. वाफ्यावर गोणपाट अंथरून तिनं वरून झारीनं पाणी दिलं. आक्कांनी कोपरा उचलून बी वाहून गेलंय का ते पाहिलं. दिसेना, तेव्हा तिलाच वाकून बघायला सांगितलं.