डाग न पडणारी गळती

वाशीच्या एपीएमसी मार्केटात जमिनीवरचा डाग पाहून गाडीचं दुखणं ओळखायला जावं, तर डागांचीच गर्दी. भाजी मार्केटचं पाणी, कांदा-बटाट्याचा चिखल, मसाला मार्केटची हळद-मिरचीची धूळ, वर ट्रकांचं डिझेल; यात एखाद्या दुकानदाराच्या जुन्या पेट्रोल व्हॅनच्या चाकाशी आलेला पिवळसर, बुळबुळीत ओघळ कोण निवडून काढणार? शेजारचा मोठा ट्रक निदान फुसफुसतो. त्याचा ब्रेक हवेवर चालतो, गळती कानाला कळते आणि दाब फारच उतरला तर स्प्रिंग चाकं जखडून टाकते. छोट्या गाडीचा ब्रेक मुकाट्याने जातो. तरी तो ओघळ प्रामाणिकच म्हणायचा. चाकाच्या आतल्या अंगाला ओल दिसली की व्हील सिलिंडरचं रबर गेलं असणार, हे गॅरेजमधला शिकाऊ पोऱ्याही सांगेल. भ्यावं ते ब्रेकच्या द्रवाच्या डबीतली पातळी उतरते आणि खाली थेंबही नसतो तेव्हा.

अशा वेळी दुसरी, वरकरणी असंबद्ध तक्रार ऐकायला हवी: सिग्नलला गाडी थांबली की इंजिन थरथरतं, स्लोवर टिकत नाही. पेट्रोल गाडीत ब्रेकचा बूस्टर इंजिनाच्याच ओढीवर चालतो. (आल्बेर द्वांद्र या बेल्जियन अभियंत्याने 1920च्या दशकात ही ओढ ब्रेकच्या कामाला जुंपली. डिझेलमध्ये ती पुरेशी नसते, म्हणून तिथे वेगळा पंप लागतो.) मास्टर सिलिंडरचं मागचं रबर झिजलं की द्रव बाहेर न सांडता बूस्टरच्या पोटात उतरतो. आतला पडदा खराब होऊन फाटला, तर तिथून नको ती हवा इंजिनात शिरते, मिश्रण पातळ होतं, थरथर सुरू होते. द्रवही त्याच पाइपातून ओढला जाऊन जळतो आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो. गाडी स्वतःचाच ब्रेक पीत असते, आणि मालक एका मिस्त्रीकडे कार्बोरेटर साफ करून घेतो, दुसऱ्याकडे डबी भरून घेतो.

यावर कुणी म्हणेल, स्लो बिघडायला प्लगपासून इंजिनाच्या माउंटिंगपर्यंत पन्नास कारणं आहेत. आणि पॅड झिजले तरी पातळी उतरतेच. दोन्ही खरं. पण पॅड झिजल्याने पातळी महिनोन्‌महिने हळूहळू उतरते, चार दिवसांत नाही. आणि बूस्टरवरचा संशय तपासायला पैसा पडत नाही. गाडी उभी असताना बूस्टरकडे जाणारा रबरी पाइप चिमटून धरा. थरथर थांबली तर चोर त्याच बाजूला आहे. मग मास्टर सिलिंडर बूस्टरपासून सोडवून मागे ओल आहे का बघायचं. हे न करता स्लोचा स्क्रू आवळणं म्हणजे तापावर पावडर लावणं.

माझा खरा राग ‘ब्रेक ऑइल’ या नावावर आहे. ते तेल नव्हेच. पूर्वी त्यात एरंडेल असे, तेव्हा नाव शोभत होतं. आजचं डॉट 3 ग्लायकोलचं असतं, आणि नावाला भुलून कुणी डबीत इंजिन ऑइल ओतलं तर सगळी रबरं फुगून बसतात. शिवाय ते हवेतली ओल शोषतं. कोरं असताना उकळायला किमान 205 अंश लागतात, ओलावल्यावर ही हमी 140वर येते. वाशीच्या खाडीकाठच्या दमट हवेत वर्षानुवर्षं न बदललेला द्रव घेऊन खंडाळ्याचा घाट उतरणाऱ्याने हा फरक ध्यानात धरावा.

30 ऑक्टोबर 2023 रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी गेली. तिच्यावर हात बसलेली, कानाने स्लो लावणारी मिस्त्र्यांची पिढीही आता ओसरते आहे. तेव्हा निदान एवढं करा: डबी उतरते आणि इंजिन थरथरतं, या दोन्ही तक्रारी एकाच मिस्त्रीला, एका दमात सांगा.