जुम्म्याच्या दिवशी लायसन्सचा वर्ग

आमच्या मालेगावात लायसन्स ‘काढतात’. रेशनकार्ड काढावं, उत्पन्नाचा दाखला काढावा, तसं. दलालाला कागद आणि पैसे द्यायचे, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगायचा आणि शिकाऊ परवाना हातात घ्यायचा. २०२१ पासून महाराष्ट्रात ही परीक्षा आधारच्या मदतीनं घरबसल्या ऑनलाइन देता येते. सोय चांगली आहे. पण आमच्याकडे बऱ्याच घरांत परीक्षा देतो दलाल आणि गाडी चालवतो मुलगा.

मी उर्दू शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. गेल्या वर्षी आमच्या नववीतला एक मुलगा वडिलांची मोटारसायकल घेऊन निघाला. पुढे नाकाबंदी दिसली. त्यानं गाडी वळवली, उलट्या बाजूनं पळवली आणि समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरवर आदळला. जीव वाचला, पण डावा पाय आता गुडघ्यात वाकत नाही. मी भेटायला गेले तेव्हा त्याची आई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, “पुलिस को देख के डर गया बेचारा.”

ती भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. नाक्यावर नाव सांगितल्यावर समोरचा सूर कधी कधी बदलतो, हे आमच्या मुलांनी ऐकलेलं आहे. पण कागद जवळ असतील, डोक्यावर हेल्मेट असेल आणि कायदा माहीत असेल, तर माणूस गाडी बाजूला घेऊन शांतपणे थांबू शकतो. मुलांना वेग कुणी शिकवावा लागत नाही, थांबणं शिकवावं लागतं. आणि ते घरातून सुरू व्हायचं असेल तर आधी आयांना शिकवायला हवं.

जुम्म्याला लूम बंद असतात. दुपारची नमाज आणि जेवणं आटोपली की बायकांना दीड-दोन तास मिळतात. त्या वेळात मी मोहल्ल्यातल्या एका घरी वर्ग घेते. पहिल्या दिवशी सहा जणी आल्या, आता अकरा येतात. कुणाला स्कूटीवरून डबे पोहोचवायचे आहेत, कुणाला मुलीला ट्यूशनला सोडायचं आहे. एक खाला म्हणाल्या, “मुझे चलाना नहीं है, मेरा पोता क्या ग़लत करता है वो समझना है.”

बहुतेकींचं शिक्षण उर्दूतून झालेलं. मराठी प्रश्नपत्रिका म्हटली की त्या दचकतात. म्हणून मी आधी फळ्यावर पाच शब्द लिहिते: रस्ता, परवाना, मनाई, इशारा, कायदा. हे सगळे फारसी-अरबीतून मराठीत आलेले, म्हणजे त्यांच्या घरचेच. ‘परवाना’ वाचून हमखास हसू फुटतं, कारण उर्दू शायरीत परवाना म्हणजे शमेभोवती फिरणारा पतंगा. हसून झालं की अवघड शब्द घेते: पादचारी, अरुंद, घसरडा, तीव्र उतार. भीती बरीचशी लिपीची नसते, अनोळखी शब्दांची असते.

मग चिन्हं. दलालाच्या पुस्तिकेत सगळी चित्रं एकामागून एक छापलेली असतात आणि बायका ती पाठ करायला बसतात. बीएडला शिकलेली एक गोष्ट इथं कामी आली: आधी आकार, मग चित्र. गोल म्हणजे हुक्म, त्रिकोण म्हणजे ख़बरदार, चौकोन म्हणजे ख़बर. लाल काठाच्या गोलात बहुतेक मनाई किंवा मर्यादा असते, निळ्या गोलात सक्ती. त्रिकोण पुढचं वळण, शाळा, रेल्वे फाटक सांगतो. निळा चौकोन दवाखाना किंवा पेट्रोल पंप दाखवतो. ‘थांबा’चं चिन्ह अष्टकोनी आणि ‘रस्ता द्या’चा त्रिकोण उलटा, कारण ही दोन चिन्हं मळली किंवा मागून दिसली तरी आकारावरून ओळखू यावीत. एवढं समजलं की पाठांतर निम्म्यावर येतं. उत्तीर्ण व्हायला ६० टक्के पुरतात, पण आमच्या वर्गात त्यावर कुणी समाधान मानत नाही.

सिग्नलमध्ये सर्वात जास्त वाद पिवळ्यावर होतो. “पीला मतलब जल्दी निकलो,” असं जवळजवळ सगळ्यांचं म्हणणं. खरं तर पिवळा सांगतो की थांबायच्या रेषेआधी थांब, फक्त रेषेच्या इतक्या जवळ आला असशील की ब्रेक मारणं धोक्याचं, तरच पुढे जा. रात्री पिवळा लुकलुकत असेल तर हळू व्हायचं. लाल लुकलुकत असेल तर पूर्ण थांबून, दोन्हीकडे पाहून निघायचं.

सर्वात शांतता पसरते ती कायद्याच्या तासाला. मोटार वाहन कायदा १९८८ चा. २०१९ च्या दुरुस्तीत त्यात कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. हे ऐकून एकीनं विचारलं, “मतलब चाबी मैंने दी तो गुनाह मेरा?” मी हो म्हटलं. त्याच दुरुस्तीतलं कलम १३४-अ मी मुद्दाम लगेच सांगते: अपघातातल्या जखमीला सद्भावनेनं मदत करणाऱ्याला त्याबद्दल खटल्यात गोवता येत नाही. “पुलिस के लफड़े में कौन पड़े” म्हणून आमच्या गल्ल्यांत बघे जमतात आणि जखमी पडून राहतो. कायदा फक्त दंड करत नाही, पाठीशीही उभा राहतो, हे माहीत असायला हवं.

दीनच्या दृष्टीनंही हे परकं नाही. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणं हा ईमानचा भाग आहे, हे आपण लहानपणीच शिकतो. प्रेषितांनी (स.) सहाबांना रस्त्याचा हक्क अदा करायला सांगितलं होतं, आणि कुणाला त्रास न देणं हा त्या हक्काचाच भाग होता. मग जुम्म्याच्या नमाजला जाताना भर रस्त्यात आडवी लावलेली मोटारसायकल कुठल्या हिशोबात बसते?

आतापर्यंत पाच जणींनी स्वतः परीक्षा देऊन शिकाऊ परवाना मिळवला. तो सहा महिने चालतो, आणि तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्ससाठी जाता येतं. एकीच्या दिरानं ‘एल’ची लाल पाटी पाहून तोंड वाकडं केलं. तिनं वाद घातला नाही, त्यालाच त्याचं लायसन्स दाखवायला सांगितलं. ते संपून दोन वर्षं झाली होती. दुसरी आता चौदा वर्षांच्या मुलापासून स्कूटीची चावी पिठाच्या डब्यामागे लपवते. मुलगा रुसून दोन दिवस जेवला नाही. चावी अजून तिथंच आहे.