डबे वर्ध्याचे, बाटल्या नागपूरच्या

सावंगीत बीअर मिळत नाही. म्हणजे मिळायला नको. 1974 पासून अख्खा वर्धा जिल्हा दारूबंदीत आहे. गांधीजी 1936 साली सेवाग्रामला राहायला आले, विनोबा पवनारला, त्याचा हा वारसा. सावंगीतल्या इस्पितळाला तर विनोबांचंच नाव. तिथल्याच मेडिकल कॉलेजात मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. अशा गावात राहून मला बीअरच्या चवीचा नाद लागलाय, हे कळलं की माणसं आधी हसतात, मग आवाज खाली आणून विचारतात, "मग आणता कुठून?"

आणतच नाही. हद्दीच्या आत बाटली आणणं गुन्हा आहे आणि तो मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तरी चोरून आलेली बीअर चाखण्याच्या लायकीची राहत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. त्या उन्हातून डिकीत पोत्याखाली लपून आलेल्या बाटलीत हॉप्सचा वास उरतो कुठे? ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. हिरव्या बाटलीला वर ऊनही लागलं तर संपलंच. हॉप्समधली कडवट द्रव्यं उजेडानं तुटतात आणि त्यातून गंधकाचा असा एक दर्प तयार होतो की नाक बाजूला घ्यावं. तपकिरी काच याला बरीच अडवते, म्हणून तर बहुतेक बाटल्या तपकिरी. पण चोरून पिणारा काचेचा रंग बघत नाही. त्याला दार लावून, लवकर उरकायचं असतं, म्हणून त्याला 'स्ट्राँग'च लागते. दारूबंदीनं जिल्ह्यातली दारू किती थांबली यावर इथली माणसं वर्षानुवर्षं भांडत आली आहेत, पुढेही भांडतील. पिण्यातली सवड मात्र नक्की गेली.

तरी दारूबंदीविरुद्ध बोलायला माझी जीभ उचलत नाही. लिव्हर गेलेली, पोट फुगलेली माणसं आणि त्यांच्या उशाशी बसलेल्या बायका मी येताजाता बघते. म्हणून आम्ही आमच्यापुरती एक वाट काढली आहे. बाकीचे लोक बाटल्या जिल्ह्यात आणतात, आम्ही डबे जिल्ह्याबाहेर नेतो.

हिवाळ्यातला एखादा शनिवार. सकाळी स्वयंपाक, दुपारी सावंगीहून निघायचं. सेलू, केळझर, बुटीबोरी, की नागपूर. तिथे मावसभावाचं घर. नवरा पीत नाही, त्यामुळे गाडी त्याच्याकडे आणि खाण्यातला निकालही बहुतेक त्याच्याचकडे. मुक्काम तिथेच, रविवारी जेवूनखाऊन परत. बाटल्या भाऊ आणतो. सगळ्यांत मिळून एका वेळी एकच बाटली फुटते, प्रत्येकाच्या वाट्याला चहाच्या कपाएवढी येते. संध्याकाळभर पुरवायची म्हटल्यावर तेवढीच हवी.

हे सगळं मी शिकले पुण्यात. 2009 साली तिथे कोरिंथियन्स क्लबमध्ये 'डूलाली' सुरू झाली आणि जागच्या जागी बीअर तयार करून पाजणाऱ्या छोट्या ब्रुअरीची महाराष्ट्रात सुरुवात झाली. पुढे पुण्यात अशा बऱ्याच निघाल्या. त्यांतल्या एकीत, एका कार्यशाळेनंतर, मैत्रिणींनी मला नेलं. समोर लाकडी फळीवर छोटे ग्लास, फिक्याकडून काळ्याकडे मांडलेले. तिसरा ग्लास नाकाशी नेला तर पिकलेल्या केळ्याचा वास! वाढणाऱ्या मुलाला विचारलं, केळं घालता का? तो म्हणाला, "नाही मॅडम, फक्त गहू, बार्ली, हॉप्स, यीस्ट." हा वास यीस्टच करतं. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बीअरचं यीस्ट आंबवताना आयसोअमाइल ॲसिटेट तयार करतं, आणि खऱ्या केळ्यात वास येतो तोही त्याचाच. त्याच यीस्टमुळे मागून लवंगेचाही एक झोत येतो. मी तिथल्या तिथे मैत्रिणींना नाक दाबून घोट घ्यायला लावला. नाक दाबलेलं असताना नुसतं आंबटगोड पाणी, आणि सोडताक्षणी केळं. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी हे गोळ्या-चॉकलेटं देऊन दाखवते, की ज्याला आपण चव म्हणतो त्यातलं बरंचसं घशामागून नाकात चढतं. शेजारच्या टेबलावरचे लोक बघत होते. बघू देत.

त्या दिवशी खायला मात्र चीज लावलेले बटाटे आणि चिकनचे तुकडे होते. फिश अँड चिप्ससोबत काय प्यावं, हे सांगणारे ढिगानं आहेत. आमच्या ताटाचं काय?

सुरुवात सांबारवडीपासून केली. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. थंडीत ती ढिगानं येते तेव्हाच ही वडी करावी. बेसनात थोडी कणीक आणि कडकडीत मोहन घालून पारी लाटायची, तिला आतून चिंचेचं, तिखटमसाल्याचं पाणी लावायचं. सारणात बचकभर सांबार, वर खसखस, सुकं खोबरं, तीळ, चारोळी, लसूण-मिरची. घडी घालून मंद आचेवर तळायची. तेल पितेच ती, त्याला इलाज नाही.

तिच्यासोबत भावानं पहिली फोडली बेल्जियन पद्धतीची पांढरी बीअर, होगार्डन. ही माल्ट न केलेल्या गव्हाची – म्हणजे मोड न आणता घेतलेल्या – म्हणून गढूळ दिसते, आणि हिच्यात संत्र्याची वाळवलेली साल आणि धणे घालतात. होगार्डन गावात अशी बीअर शतकानुशतकं व्हायची. 1950 च्या दशकात शेवटची ब्रुअरी बंद पडली आणि साठच्या दशकात पिएर सेलिस नावाच्या एका दूधवाल्यानं ती पुन्हा सुरू केली. हे मी भावाला सांगायला लागले तर तो म्हणाला, "ताई, प्यायची आहे का पंचनामा करायचा आहे बाप्पा?"

मी वडीचा तुकडा मोडला, चावला, आणि गिळायच्या आधी घोट घेतला. आधी बुडबुडे. ते तेलाचा थर जिभेवरून उचलतात. मग आंबटसर गहू, आणि मग, वडी घशाखाली गेल्यावर, सांबार पुन्हा वर आला, पण वेगळा होऊन. हिरवा वास मागे पडला आणि तव्यावर नुकत्याच भाजलेल्या धण्याचा पुढे झाला. एकाच झाडाचं पान वडीत आणि बी बीअरमध्ये, दोघांची गाठ तोंडात पडली होती. संत्र्याची साल चिंचेला धरून राहिली. भावजय एरवी बीअरच्या वासानंही उठून जाते. तिनं दुसरा घोट मागून घेतला. नागपूरच्या घरात संत्र्याच्या सालीचं कौतुक बेल्जियमच्या बाटलीतून व्हावं, हे नवऱ्याला फार लागलं. तो बराच वेळ त्यावरच बोलत होता.

एक भांडण आमचं कायमचं आहे. भावाला बीअर फ्रीजरमधून धूर निघेल अशी लागते. बहुतेक साध्या लागरना ते चालून जातं, कारण लपवण्यासारखंच त्यांत जास्त असतं. पण गारठलेल्या जिभेला गोडवा नीट कळत नाही आणि थंडगार बीअरमधून वासही उठत नाही. काळी स्टाउट तर बाहेर काढून दहा-बारा अंशांवर येऊ द्यावी. भाऊ म्हणतो, "कोमट बीअर पाजते काय, पाहुणा आहे का मी?"

मग सावजी. हे डब्यातलं नव्हतं, नागपूरचंच होतं. हलबा कोष्टी विणकरांच्या घरातलं हे रांधणं खानावळींतून गावभर झालं. काळा मसाला, दगडफूल, खसखस, जुन्या रीतीनं केलं तर जवसाचं तेल. मटणाचा रस्सा काळपट लाल, वर तर्री. सावजी आणि बीअर ही जोडी नागपुरात इतकी रुळलेली आहे की तिच्याबद्दल शंका घेणं म्हणजे संत्र्याबद्दल घेण्यासारखं. मी घेतली.

तिखट ही चव नाहीच, ती वेदना आहे. मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरच्या टीआरपीव्ही-वन या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहीला चिकटतं. एरवी हा ग्राही साधारण 42 अंशांच्या पुढे 'भाजतंय' असा निरोप देतो. अल्कोहोल त्याच ग्राहीचा उंबरठा 34 अंशांच्या आसपास खाली आणतं, हे 2002 साली प्रयोगानं दाखवलं गेलं. तोंडाचं स्वतःचं तापमानच त्याहून जास्त, म्हणजे काहीही गरम न खाता आत भाजू लागणार. जखमेवर स्पिरिट चरचरतं तेही यामुळेच. त्यात बीअरमधल्या बुडबुड्यांचं कार्बॉनिक आम्ल स्वतः टोचतं, आणि बीअर बहुतांशी पाणी असल्यानं कॅप्सायसिन तिच्यात विरघळून वाहून जात नाही. गार घोटानं दोन सेकंद बरं वाटतं, मग दुप्पट आग. माणूस पुन्हा घोट घेतो. बाटल्या खपतात त्या अशा.

भावानं हट्टानं आयपीए उघडली होती. ही खूप हॉप्स घातलेली, कडवट, चकोतऱ्याच्या सालीसारख्या वासाची. एकटी प्यायली तर मला फार आवडते. सावजीच्या घासावर ती आली आणि कडू नि तिखट एकमेकांच्या खांद्यावर चढले. दगडफुलाचा सुगंध नाही, खसखशीचा दाटपणा नाही, कानशिलं तापली आणि नाक वाहू लागलं. भाऊ घामानं निथळत म्हणाला, "हेच तर पायजे ना राजेहो!" त्याच्या आनंदाला माझी ना नाही, पण मटणाची चव गेली ती गेलीच. गव्हाच्या बीअरनं निदान भांडण केलं नाही. त्यातल्या त्यात बरी निघाली ती माल्टच्या गोडव्याची, तांबूस, कमी कडवट. आणि सगळ्यांवर मात करून गेली डब्यातली कढी. दुधातलं केसिन कॅप्सायसिनला धरून जिभेवरून काढून नेतं, ते काम कुठल्याही बीअरला जमणारं नाही. नवरा सुरुवातीपासून कढीच पीत होता. त्यानं काही बोलायचीही गरज नव्हती.

भरिताबद्दल थोडक्यात सांगते. निखाऱ्यावर भाजलेलं वांगं, हिरवी मिरची, कांद्याची पात, वरून कच्चं तेल. याला काळसर, भाजलेल्या माल्टची बीअर लागते. धुराला करपलेपणाची सोबत हवी. फिकी लागर या भरितापुढे नुसतं सोडावॉटर वाटली.

शेवटी गोरसपाक. वर्ध्याला येऊन गोरस भांडारातून गोरसपाक न नेणारा पाहुणा विरळा. गायीच्या तुपातला हा पदार्थ, हातात धरला तरी भुगा होईल असा खुसखुशीत. तो गोसेवेच्या, गांधीविचाराच्या परंपरेतला. त्याला स्टाउटच्या शेजारी ठेवताना भावजयीनं बशी मधेच थांबवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, जिल्ह्याबाहेर आहोत. स्टाउटमधला करपवलेला बार्ली कॉफीकडे, कडू चॉकलेटकडे झुकतो. साखर जवळपास नसते. तुपाचा ओशट गोडवा जिभेवर असताना तो घोट घेतला की कडवटपणा एकदम मऊ होतो, आणि गोरसपाकचा तो तुपकटपणाही राहत नाही. मला त्या संध्याकाळची सगळ्यात चांगली जोडी हीच वाटली, सांबारवडीपेक्षाही. भावाच्या मते स्टाउट म्हणजे जळलेल्या कुकरचं पाणी. भावजयीनं मात्र गोरसपाक त्यात बुडवून बघितला. तो अर्ध्यातच विरघळून तळाशी गेला, चमच्यानं काढावा लागला.

आता प्रश्न हुरड्याचा आहे. आगटीतून काढलेलं कणीस गरम असतानाच हातावर चोळायचं, दाणे तोंडात, सोबत जवसाची चटणी. कोवळ्या ज्वारीचा तो दुधाळ गोडवा आणि राखेचा वास यांना साधी, नीट आंबवलेली पिल्सनर जमेल असं माझं मन सांगतं. पण हुरडा डब्यात नेता येत नाही, गार झाला की चिवट होतो. ओळखीतली ज्वारी आहे ती सेलू तालुक्यात, म्हणजे बंदीच्या आत. भावाचा एक मित्र हद्दीबाहेर, नागपूर जिल्ह्यात कुहीकडे शेती करतो, त्याला विचारलं तर तो म्हणाला, ज्वारी कोण पेरतं आता, पाखरं खाऊन टाकतात, सगळं सोयाबीन आणि कापूस. दोन तासं पेरायला तयार आहे म्हणतो. राखण मात्र आमची.