शेगडीची कॉइल

इगतपुरीजवळच्या घोटीत जून लागला की उन्हाचं नाव काढायचं नाही. घाटमाथ्याचा पाऊस एकदा बसला की लाकडं ओली, कपडे दमट, काडेपेटी सादळलेली. त्या दिवसांत आमच्या घरात विजेच्या शेगडीला मोठा मान होता. चिनीमातीची पांढरी थाळी, तिच्यात गोल गोल फिरत गेलेली खाच आणि खाचेत बसवलेली कॉइल.

ही कॉइल वरचेवर तुटायची. मग काका प्लग काढून तिची दोन्ही टोकं ओढायचे आणि पक्कडीनं एकमेकांत पिळायचे. शेगडी लागायची, वर आधीपेक्षा लालही व्हायची. "तुटली की जास्तच तापते ही," असं आई म्हणायची. तिचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. कारण मात्र घरात कुणाला सांगता येत नव्हतं.

ते मला शाळेत सापडलं. विभवांतराला विद्युतधारेनं भागलं की रोध मिळतो आणि दोहोंचा गुणाकार केला की शक्ती, एवढं सरांनी फळ्यावर लिहिलं. मी वहीच्या मागच्या पानावर आमची शेगडी मांडली. १००० वॅट भागिले २३० व्होल्ट, म्हणजे ४.३५ अँपिअर. २३० भागिले ४.३५, म्हणजे जवळपास ५३ ओहम. जोडताना तारेचा दहावा हिस्सा गेला, तर रोध राहतो साडेसत्तेचाळीसच्या आसपास आणि शक्ती चढते ११११ वॅटवर. तार कमी झाली, तिच्यावरचा भार वाढला. त्यात पीळ कधी घट्ट बसत नाही. त्या एका ठिपक्यावर रोध वाढतो, तिथेच कॉइल सर्वांत जास्त तापते आणि पुन्हा तिथेच तुटते. आईचं वाक्य आणि फळ्यावरचं सूत्र एकच गोष्ट सांगत होती, याचा मला झालेला आनंद अजून ताजा आहे.

संध्याकाळी सगळ्या गावाचे दिवे लागले की व्होल्टेज पडायचं. १८० व्होल्टवर तीच शेगडी ३.४ अँपिअर घेते आणि जेमतेम ६१० वॅट देते. व्होल्टेज पाव भागाहूनही कमी उतरलं, पण उष्णता जवळपास चाळीस टक्क्यांनी घटली. चहाला एवढा वेळ का लागतो, याचं उत्तर त्या आकड्यांत होतं.

अस्थिर व्होल्टेजनं खुद्द ओहमलाही सतावलं होतं. जर्मनीतल्या कोलोनच्या शाळेत शिकवणाऱ्या गेओर्ग ओहमच्या बॅटऱ्या प्रयोग चालू असतानाच मंदावायच्या. शेवटी त्यानं तांबं आणि बिस्मथ यांचे सांधे वापरले. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. तापमानातला फरक कायम, म्हणून विभवांतरही कायम. १८२७ साली त्याचं पुस्तक आलं, पण त्याच्याच देशात त्याची फारशी कदर झाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीनं कोपली पदक दिलं ते १८४१ मध्ये.

पुढे भाताच्या गिरणीत मोटारींची कामं करताना याच हिशोबाची दुसरी बाजू दिसली. कमी व्होल्टेजला शेगडी कमी करंट घेते. मोटार मात्र भार ओढायचा असतो म्हणून जास्त घेते. दहा हॉर्सपॉवरची थ्री-फेज मोटार ४१५ व्होल्टवर साधारण चौदा अँपिअर खाते, म्हणूनच "एचपीला दीड अँपिअर धरा" असं वायरमन सांगतात. व्होल्टेज पडलं की करंट मोजणाऱ्या टाँग टेस्टरचा आकडा चढत जातो, आणि वेळेत मोटार बंद केली नाही तर वाईंडिंगच्या वार्निशचा जळका वास गिरणीभर पसरतो. इथे नुसता गुणाकार पुरत नाही. थ्री-फेजसाठी १.७३२ आणि पॉवर फॅक्टर यांनीही गुणावं लागतं. म्हणून सूत्र पाठ असण्यापेक्षा ते कुठे लागू पडतं हे माहीत असणं मला जास्त मोलाचं वाटतं.

व्होल्टेज आणि करंट यांच्या या हिशोबाचा सर्वांत मोठा दाखला तर आमच्या शेजारीच होता. १९२५ साली मुंबईत सुरू झालेली १५०० व्होल्ट डीसीची रेल्वे पुढे कसारा घाट चढून इगतपुरीपर्यंत आली. नंतर इगतपुरीच्या पुढे, आमच्या घोटीवरून जाणारी लाईन २५,००० व्होल्ट एसीची झाली. त्यामुळे इगतपुरीला वीज बदलायची आणि बहुतेक गाड्यांचं इंजिनही. तीच शक्ती १५०० व्होल्टवर न्यायला सतरापट करंट लागतो, आणि तारेतली गळती करंटच्या वर्गानं वाढते. तारेचा रोध तोच धरला तर पावणेतीनशे पटींहून जास्त. डीसीच्या भागात तांब्याच्या जाड तारा आणि जवळजवळ सबस्टेशनं होती ती यामुळेच. २०१६ पर्यंत मध्य रेल्वेचा मुंबईकडचा भागही २५,००० व्होल्टवर गेला.

उघड्या कॉइलच्या शेगड्या आता घरांतून जवळपास गेल्या. त्या धोक्याच्याच होत्या. पण गीझर, इस्त्री, इंडक्शन आले आहेत. प्रत्येकाच्या अंगावर वॅट छापलेले असतात. त्यांना २३०नं भागा. २००० वॅटच्या गीझरचे पावणेनऊ अँपिअर होतात. तो सहा अँपिअरच्या सॉकेटला कधीही लावू नका. सोळा अँपिअरचं सॉकेट, त्याला साजेशी जाड वायर आणि अर्थिंग आहे ना, हे आजच वायरमनला बोलावून पाहून घ्या.